त्रेसष्ट दिवस

"त्रेसष्ट दिवस," काचेपलीकडचा कारकून म्हणाला आणि उष्टी बशी परत करावी तसा त्याने कागद फटीतून बाहेर सरकवला.

"कसले त्रेसष्ट दिवस?" ठिणगीने विचारलं. सोळा वर्षांच्या या मुलीला हे नाव आईच्या कामावरच्या बायकांनी ठेवलं होतं, आणि तिने ते आजवर इमानेइतबारे निभावलं होतं.

"आईंना विचारा. त्यांना माहीत आहे."

आईला माहीत होतं. तिने पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

ठिणगीने कागद उचलला आणि मुद्दाम मोठ्याने वाचला. "'अर्जदार त्रेसष्ट दिवस परवान्याविना देशात राहिली. सबब नागरिकत्वासाठीची सद्वर्तनाची अट पूर्ण होत नाही.' सद्वर्तन? अहो, माझी आई रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा टाकत नाही! आणि ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दहा वर्षांपलीकडचं बघत नाहीत, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय."

"छापलं होतं. मार्चपासून नियम बदलला. आता सगळा पूर्वेतिहास बघतात."

"म्हणजे आम्ही दहा वर्षं थांबलो, ते उगाच?"

"थांबा असं मी नव्हतं सांगितलं, ताई. चौदा दिवसांत फेरविचाराचा अर्ज द्या. परवाना रद्द झाल्याचं त्यांना कळलंच नव्हतं, याचा पुरावा जोडा. चला, पुढचे!"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई" म्हणे! अजून दोन वाक्यं बोलली असती तर काच तडकली असती, पण आईने तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

आई हॉस्पिटलच्या शिवणखोलीत कामाला होती. पेशंटच्या गाऊनचे बंद तुटून येतात, चादरी उसवतात, ते सगळं ती नीट करायची. या देशात ती आली होती नवऱ्याच्या परवान्यावर. ठिणगी पाच वर्षांची असताना एका सकाळी नवऱ्याने दोघींची बॅग दाराबाहेर ठेवली आणि त्याच आठवड्यात सरकारला कळवून टाकलं, की ही आता माझ्यावर अवलंबून नाही. परवाना रद्द. तशी नोटीस आली ती त्याच्याच पत्त्यावर, आणि त्याच्याच खणात गेली.

आणि आईचा नवा पत्ता? तो तिने दिला होता, अगदी दुसऱ्याच दिवशी! पण कुणाला, तर हॉस्पिटलच्या कापडखात्याच्या मुकादमाला. त्या खात्यात एक गोष्ट मुकादमाच्या वहीत चढली, की सतरा वॉर्डांना आपोआप कळते. सरकारचंही तसंच असेल, असं आईला वाटलं. त्रेसष्ट दिवसांनी हॉस्पिटलने परवान्याची प्रत मागितली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून सरकारी रांगेत जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी शोधतही नव्हतं. तिला स्वतःच्या नावाने, नोकरीवर आधारलेला परवाना मिळाला. आणि आता तिचं तेच सांगणं तिच्या फायलीत डाग म्हणून बसलं होतं.

त्यात वर्षअखेरीला शिवणखोली बंद होणार होती. दुसऱ्या खात्यात बदली फक्त नागरिकांची. नोकरी गेली की परवाना गेला, आणि परवाना गेला की आई गेली. ठिणगी इथेच जन्मलेली, इथली नागरिक. ती इथे आणि आई विमानाने सात तासांवर. सरकारच्या लेखी प्रश्न सुटला.

"पुरावा एकाच माणसाकडे आहे," शिवणखोलीतल्या बॉबिन मावशी दाताने दोरा तोडत म्हणाल्या. "तुझ्या त्या रत्नाकडे. जा, घे लिहून त्याच्याकडून. आणि या पोरीच्या तोंडात एखादा बोळा कोंबून ने."

आधी फोन करून रविवारी दोघी गेल्या. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं, ऐसपैस. चहूकडे आरसे, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे वडीलच. गल्ल्यामागच्या भिंतीवर त्यांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, सोनेरी चौकटीत. पहिल्याच अर्जात मिळालेलं. यांचं वर्तन मात्र सद्वर्तन!

"किती उंच झालीस गं," ते ठिणगीला म्हणाले. "बसा ना. चहा सांगू?"

"चहा नको," आई म्हणाली. "नोटीस तुमच्याकडे आली आणि तुम्ही मला सांगितलं नाही, एवढं फक्त लिहून द्या."

वडिलांनी समोरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "हे बघ, तेव्हा फॉर्मवर मी 'पत्नीला कळवले आहे' असं लिहून सही केली होती. आता उलटं लिहिलं तर माझ्यावरच शेकेल. माझी फाईल साफ आहे."

"माझ्या आईच्या फायलीला पुसून साफ झालीय!" ठिणगी उसळली.

"तिला आवर जरा. मी मदत करणार नाही असं म्हणालो का?" त्यांनी खणातून टाईप केलेला कागद काढला. तयारीतच होते. "मी तुला सांगितलं होतं, पण तुला कागदपत्रांतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे घोळ झाला. इथे मी सही करतो, खाली तू कर. अडाण्यांना सवलत देतात ते. वकिलाला विचारलंय मी."

आईने कागद वाचला. सावकाश, प्रत्येक ओळ. मग पहिल्यापासून पुन्हा.

ठिणगीला तो कागद फाडून त्यांच्या सगळ्या आरशांवर चिकटवावासा वाटत होता. पण डिसेंबर आठवला आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. "आई, कर सही. गेला खड्ड्यात खरेपणा. तू इथे राहिली पाहिजेस मला."

"बघ, पोरीला कळतंय," वडील म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढून दिलं.

आईने पेन घेतलं, टोपण लावलं आणि गल्ल्यावर ठेवलं.

"तू बाहेर काढल्यावर आम्ही ज्या खोलीत राहिलो, तिथे घड्याळ नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चष्मा बघायला आलेलं गिऱ्हाईक वळून उभं राहिलं. "पोरीला ताप होता. कामावर जायला उशीर नको म्हणून मी रात्रभर जागी राहायचे. त्रेसष्ट दिवसांत एकदा सांगायचं होतंस. एकदा. मी अडाणी नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. दोन्हींत फरक आहे, आणि मी सही करून तो पुसणार नाही."

"अगं, पण मग तुझा अर्ज..."

"माझा अर्ज मी लिहीन."

बसमध्ये ठिणगी धुमसत होती. वडिलांवर, कारकुनावर, मार्चवर आणि आईवर. सगळ्यात जास्त आईवर. "ताठपणाला परवाना मिळत नाही," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडू लागली. आईने तिला रडू दिलं. मग पर्समधून फेरविचाराचा अर्ज काढून मांडीवर ठेवला. 'परवान्याविना वास्तव्याचे कारण' या रकान्याला दोन ओळींची जागा होती.

बस चालू असली की अक्षर हलायचं. म्हणून थांब्यावर बस उभी राहिली की आई लिहायची, सुटली की पेन वर धरायची.

'मी लपून राहिले नाही,' एका थांब्यावर.

'रोज सकाळी सातला, रविवारीसुद्धा, कामावर हजर होते,' पुढच्या.

'हजेरीपटावर त्रेसष्ट सह्या आहेत,' सिग्नलला. जागा संपली, तेव्हा ती समासात वळली.

ठिणगीने डोळे पुसले आणि आपली वही काढून आईच्या मांडीवर, अर्जाखाली ठेवली. टेकायला कडक हवं म्हणून.

त्यांचा थांबा आला. दार उघडलं, माणसं उतरली. आई उठली नाही. वाक्य पुरं व्हायचं होतं.