थिजलेली धार

"सरक ना वो, माह्या पायावरच उभी हायेस कवाची!" सोमारीबाई माझ्या कानाशी करवादली. पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात तेलाला कौल विचारणाऱ्या बाबाभोवती एवढी गर्दी, की आपला पाय कोणता तेही कळेना.

बाबा दोन पितळी पट्ट्यांच्या फटीतून दुधट तेल ओतत होता. "बोल रे तेला, हिचा माणूस जित्ता हाय का?"

धार मधेच थिजली. पट्ट्यांमध्ये लोंबत राहिली. लोकांनी हात जोडले.

"हाय! जित्ता हाय!" सुकरी रडता रडता हसली.

सुकरी सोमारीबाईची सून, माझी शेजारीण. तिचा नवरा कोलू मोहफुलं वेचायला जंगलात गेला. मागे फक्त रक्ताळलेला शेला सापडला. गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात गावाबाहेर दगड उभा करतात. कोलूचा दगड या तेलापायी अडला होता. सुकरी दर बाजाराला धार बघे, घरी जाऊन दोघांचं रांधे आणि उरलेलं सकाळी एकटीच खाई. भिंतीपलीकडून तिचं बोलणं मला ऐकू येई. उत्तर कुणाचंच नसे.

धार थिजताना बारीक चीं आवाज येत होता. माझ्या मच्छर मारायच्या बॅटचा असाच येतो. आणि दर वेळी बाबाच्या पायाचा अंगठा चटईत रुतायचा.

मी चटई उचलली. खाली बटण, बॅटचं उघडं सर्किट, पट्ट्यांकडे गेलेल्या तारा.

"हात नोको लावू, कोप होईन!"

"शॉक लागन म्हणा ना, महाराज."

एका हातानं तेल ओतत मी दुसऱ्या हातानं बटण दाबलं, धार थांबली. सोडलं, गळाली. मग बटणावरचा हात मागे घेऊन विचारलं, "तेला, बाबा खरा हाय का?" तेल खुशाल वाहत राहिलं. लोक फिदीफिदी हसले.

"याच्यात कॉर्नफ्लॉर कालवलं हाय," तेल बोटांत चोळून बघत मी सांगितलं. "विजेनं पिठाचे कण या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत माळेसारखे लागतात, तेल घट्ट होते. वीज गेली का माळ तुटते. हात जोडाच्या आधी चटई उचलून पाहत जा, एवढंच म्हणते."

बाबानं गाशा गुंडाळला. गर्दी पांगली. सुकरी मात्र जागची हलली नाही.

"मंग तो कुठी हाय वो, बाई?"

  सोमारीबाईनं सुनेचा हात आपल्या हातात घेतला.

"मेला, पोरी. माहा कोलू मेला."