जड गोळी आणि रॉलिन्सचा वारा

शिकारीच्या हंगामाचे दोन दिवस उरले होते आणि आमच्या रॉलिन्स गावचा वारा थांबायचं नाव घेत नव्हता. बाबा सकाळपासून खिडकीपासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालत होते. टेबलावर दोन प्रकारची काडतुसं होती. ऐंशी ग्रेन वजनाच्या गोळीची, त्यांची नेहमीची. आणि एकशे पाच ग्रेनची, मी गॅरेजमध्ये बसून भरलेली.

"बसा ना जरा."

"बसून काय करू?"

गेल्या ऑक्टोबरात, अशाच वाऱ्यात, त्यांनी चारशे यार्डांवरून प्राँगहॉर्न हरणाच्या एका नरावर गोळी झाडली. नेम खांद्यामागे होता, वाऱ्याने गोळी पोटात नेली. जनावर पळालं. दोन दिवस आम्ही रक्ताचे थेंब शोधत हिंडलो, सापडलं नाही. माझे बाबा, ऑरिन ट्वाइट, म्हणजे चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस, पण तेव्हापासून त्यांना एका जागी बसवेना. यंदाच्या परवान्याचा अर्जसुद्धा मीच भरला.

"वाऱ्यात हलकी गोळी दीड हात सरकते," मी म्हटलं. "ही जड, लांबुडकी. हातभरच सरकेल."

"आणि खाली किती पडेल?"

"थोडी जास्त. पण ते मोजता येतं, बाबा. वारा मोजता येत नाही."

त्यांनी माझी काडतुसं खिशात टाकली आणि रायफल उचलून गाडीत जाऊन बसले.

रेतीच्या खाणीत शंभर यार्डांवर कागद लावला. बाबांनी तीन गोळ्या झाडल्या. मी कागद आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले. भोकं गोल नव्हती, लांबट होती. गोळ्या आडव्या होऊन लागल्या होत्या. त्यांच्या जुन्या रायफलीच्या नळीतले गोळीला फिरवणारे आटे आखूड गोळ्यांसाठी कापलेले. एवढ्या लांब गोळीला ते पुरेशी गिरकी देईनात. हे मला आधी सुचायला हवं होतं.

बाबांनी कागद उजेडात धरला. "मार्नी, ही गोळी उडत गेली का लोळत गेली?"

"माझी रायफल घ्या मग."

"आयत्या वेळी परकी रायफल नको."

संध्याकाळी मी थोड्या आखूड, पंचाण्णव ग्रेनच्या गोळ्या भरल्या आणि दिवस मावळायच्या आत आम्ही पुन्हा खाणीत गेलो. भोकं गोल आली. बाबांनी प्रत्येकात बोट घालून पाहिलं.

शेवटच्या दिवशी दहाच्या सुमारास माळावर एक प्राँगहॉर्न नर दिसला. चारशे दहा यार्ड. बाबा आडवे झाले, गाल रायफलीला टेकवला. मी दुर्बिणीतून पाहत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी ट्रिगरवरचं बोट काढलं.

"नाही."

"बाबा, मी हिशोब केलाय. हातभराहून थोडं जास्त डावीकडे धरा."

"इथलं गवत उजवीकडे झुकलंय. त्या ओहोळातलं बघ, डावीकडे. कुठला वारा धरू?"

मी दुर्बीण गळ्यात अडकवली. ते रांगायला लागले. मी मागोमाग. ओहोळाच्या आडोशाने तास लागला. गुडघ्यात निवडुंगाचे काटे, तोंडात माती. बाबा दर दहा हातांवर थांबत, मान वळवून विचारत, "आहे ना?"

"आहे. पुढे चला."

"तू ओरडू नकोस."

मी कुजबुजतच होते.

नरापासून एकशे सत्तर यार्डांवर ओहोळाचा काठ संपला. नर आडवा उभा होता. रायफल कडाडली, नर दहा पावलं पळाला आणि कोसळला.

बाबा मात्र उठले नाहीत. गाल अजून रायफलीला टेकलेला होता. "पळाला का?"

"पडलाय. इथून दिसतोय."

"नीट बघ."

"बघितलं, बाबा."

जवळ गेल्यावर त्यांनी हातमोजा काढून नराच्या बरगड्यांवर हात फिरवला. खांद्यामागे भोक सापडलं तसं बोट तिथेच ठेवून ते गुडघ्यांवर बसून राहिले. मी मांसासाठी कापडी पिशवी उलगडली तर वाऱ्याने ती हातातून ओढून नेली. मी तिच्यामागे धावले. पन्नास-साठ पावलांवर ती काटेरी झुडपात अडकली.

परत आले तेव्हा बाबांनी सुरी काढली होती.

"पाय धर," ते म्हणाले. "आणि वाऱ्याकडे पाठ करून बस, नाहीतर मांसात माती जाईल."