शाफ्टमध्ये ऐकलेला धडा

"एता दोम," बाई म्हणाल्या, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या मिस्त्रींचं तोंड त्यांना न विचारताच सुरू झालं.

"एता दोम. यिश्चो रास. क्तो दोमा? यिश्चो रास. फ्स्ये दोमा. यिश्चो रास."

सगळा वर्ग मागे वळला. विद्यापीठातल्या प्राथमिक रशियनचा तो पहिलाच तास होता, फळा अजून कोरा होता, आणि हे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ घडाघडा बोलत सुटले होते. बाई हरखल्या. त्यांनी त्याच भाषेत एक लांबलचक प्रश्न विचारला. मिस्त्रींना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. गडबडून त्यांनी जवळ होतं तेच पुढे केलं.

"यिश्चो रास."

बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा सावकाश.

"यिश्चो रास," मिस्त्री घाम पुसत म्हणाले.

बाईंनी तिसऱ्यांदा विचारला. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्या मराठीवर आल्या. "काका, तुम्ही रशियन शिकलात कुठं?"

"शिकलो नाही मॅडम. लिफ्टमधून ऐकलं."

वर्ग खदखदून हसला. मिस्त्रींनाही थोडं हसू आलं, कारण ते खरंच होतं. उभा जन्म त्यांनी लिफ्टदुरुस्तीत घालवला होता. या इमारतीची लिफ्ट त्यांच्याकडेच असायची. सुट्टीत इमारतीला कुलूप, म्हणून वर्षाची मोठी तपासणी सत्र उघडल्या उघडल्या व्हायची. लिफ्टच्या टपावर उभं राहून शाफ्टमधून इंचाइंचानं वर सरकायचं, दोर बघायचे, ग्रीस भरायचं, भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटांवर हातोडी मारून कुठला बोल्ट सैल झालाय ते आवाजावरून ओळखायचं. आणि दरवर्षी तिसऱ्या मजल्याशी आलं की जाळीच्या झरोक्यातून एका बाईंचा आवाज यायचा. त्या काहीतरी म्हणत, पोरं मागून म्हणत. दरवर्षी तोच धडा, कारण दरवर्षी तोच आठवडा. दुसरा धडा मिस्त्रींच्या नशिबी कधी आलाच नाही.

पण तो पहिला धडा त्यांच्या जिभेवर बसला तो बसलाच. त्याला त्यांनी चाल लावली. लेक तान्ही होती तेव्हा रडायला लागली की खांद्यावर घेऊन ते हेच म्हणत, आणि ती झोपायची. बायको विचारायची, "अहो, पण याचा अर्थ काय?" मिस्त्री कधी सांगत की राजा लढाईवरून परत आलाय, कधी सांगत की समुद्रावर गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना आहे. तीही पक्की होती. "मागच्या वेळी राजा होता, आता खलाशी झाला होय? थापा पुरे. रिटायर झालात की त्या वर्गात जाऊन बसा, आणि खरं काय ते मला येऊन सांगा."

शेवटच्या दुखण्यात तिला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाही तिनं तेच म्हणायला लावलं होतं. लेक सासरहून आली होती, तिघंही एका खोलीत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत बायको वारली. मिस्त्री रिटायर झाले त्यानंतर.

वर्गात नाव घालताना त्यांना भीती फी भरायची नव्हती की तरुण पोरांत बसायची नव्हती. भीती वेगळीच होती. धड्यात काय असणार? पेन, पुस्तक, टेबल. ज्याच्यावर लेक वाढवली, ज्याच्या सोबतीनं बायकोला निरोप दिला, ते जर 'हे टेबल आहे' निघालं तर? त्यापेक्षा राजा आणि खलाशी काय वाईट होते? आज सकाळीसुद्धा ते इमारतीच्या दारातून दोनदा माघारी फिरले होते.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "दरवर्षी माझ्या पहिल्या तासाला भिंतीत ठोकायचे ते तुम्ही?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "मीच मॅडम. त्रास झाला असेल."

"त्रास कसला. अहो, तुमच्या ठोकण्यात पोरांचं काही ऐकूच यायचं नाही. म्हणून मी प्रत्येक वाक्याला म्हणायची, यिश्चो रास. परत एकदा. ते धड्यात नाहीच आहे. ते तुमच्यामुळं."

हातोडी मिस्त्रींची, आणि तिच्यापायी निघालेले शब्द भिंतीतून त्यांच्याकडेच परत आलेले. तेच त्यांनी इतकी वर्षं घरी नेले होते.

बाईंचा नियम असा की पहिल्या धड्याचं भाषांतर करायचं नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर चार भिंती, उतरतं छप्पर काढलं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "एता दोम." मग एक खिडकी काढली. खिडकीकडे बघून, भुवया उंचावून विचारलं, "क्तो दोमा?" खिडकीत एक चेहरा काढला, मिशा असलेला. त्याच्या शेजारी अंबाड्याचा. दोघांच्या मधे, खाली, एक छोटासा गोल. मग तिन्ही चेहऱ्यांवरून तळहात फिरवला.

"फ्स्ये दोमा."

कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मिस्त्रींना सगळं कळलं होतं. हे घर. घरी कोण आहे? सगळे घरी आहेत. लेकीला खांद्यावर घेऊन त्यांनी हेच सांगितलं होतं. बायकोच्या उशाशी बसून हेच. स्वतःला कळत नव्हतं, तरी त्या त्या वेळी ते अक्षरशः खरं बोलत होते. त्यांनी रचलेला एकही राजा याच्यापुढे उभा राहिला नसता. फळ्यावरच्या त्या वेड्यावाकड्या घराकडे ते देवळात बघावं तसे बघत राहिले. शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, "काका, बरं आहे ना?" त्यांनी मान हलवली.

घरी आले तर लेक आलेली, खांद्यावर तिची पोर. पोर किरकिरत होती आणि लेक येरझाऱ्या घालत तेच म्हणत होती, त्याच चालीत.

"कळला का हो बाबा अर्थ?" तिनं विचारलं. "आई सारखी म्हणायची, बाबांच्या थापा एक दिवस उघड्या पडणार."

मिस्त्री चपला काढून खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं. घर कोणतं, प्रश्न कोणता, उत्तर कोणतं. हातोडीचंही सांगितलं. लेकीनं एकदा खोलीभर नजर फिरवली, खिडकीजवळच्या आईच्या रिकाम्या पलंगापर्यंत. मग पोर पुन्हा किरकिरली तशी ती थोपटत म्हणू लागली.

"एता दोम... यिश्चो रास... क्तो दोमा..."

पुढचं तिला म्हणवेना. अर्थ माहीत नव्हता तोवर कधी अडलं नव्हतं. थोपटणारा हात थांबला, आणि पोरीनं झोपाळू डोळे उघडून वाट पाहिली.

मिस्त्री उठले. त्यांनी पोरीला आपल्या खांद्यावर घेतलं.

"फ्स्ये दोमा," ते म्हणाले. आणि पलंगाकडे बघत, बायकोलाही ऐकू जाईल इतपत आवाजात, "यिश्चो रास."