शेजारच्या मागाची साडी

मित्रांनो, मी सुरतजवळच्या उधन्याच्या कारखान्यातला एक जुना यंत्रमाग आहे. माझ्या शेजारी अगदी माझ्यासारखाच दुसरा माग होता. खानदेशातून आलेला सुकदेव आम्हा दोघांना चालवायचा. आमचं कोरं कापड छपाईला जाई आणि त्याच्या साड्या होत.

शेजाऱ्याच्या फणीचा एक दात वाकलेला होता, म्हणून त्याच्या कापडात काठाजवळ बारीक रेघ उमटे. माझं कापड स्वच्छ निघे. शेठ त्यावरून हात फिरवून मान डोलवत, तेव्हा मला फार बरं वाटे.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जवळच्याच डिंडोलीला सुकदेवच्या भाचीचं लग्न झालं. अमळनेरच्या पाहुण्यांनी आहेरात एक साडी आणली. सुकदेवने काठ पाहिला, तर तीच रेघ.

"हाई तं मना हातनं कापड शे," तो म्हणाला.

सुरतेहून गेलेलं कापड फिरून विणणाऱ्याच्याच घरी आलं, ही गोष्ट कारखानाभर पसरली. शेठनी शेजाऱ्याला हार घातला. सगळे त्याला शुभ माग म्हणू लागले. त्याला रोज तेल मिळे, माझी आठवणही कुणाला नसे. मी आतून जळत होतो. खोट त्याच्यात आणि हारही त्यालाच!

पुढे नवं यंत्र यायचं ठरलं. जागेसाठी एक माग भंगारात जाणार होता.

"शुभ माग राहू दे," शेठ म्हणाले.

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोला, रंजनाला, सुकदेवने हे सांगितलं.

"शुभ कसला?" ती म्हणाली. "खानदेशात सुरतच्या साड्या ढीगभर जातात. विणणारे ढीगभर, लग्नंही ढीगभर. कुणाच्या तरी घरी त्याचंच कापड यायचंच. ज्याच्या घरी येत नाही, तो काय सांगत फिरतो?"

"पण आपल्या घरी आलं ना?"

"या दुसऱ्या मागाचंही आलं असेल. माझ्या अंगावरची साडी त्याचीच असेल. खोटच नाही, तर ओळखणार कशी तुम्ही?"

सुकदेवने तिचा पदर उजेडात धरला आणि बघत राहिला. मग मला भंगारात देऊ नका, असं सांगायला तो शेठकडे गेला. शेठ नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. त्याआधी सुकदेवने मला पुसून तेल घातलं.

आता मी भंगारवाल्याच्या आवारात गंजतो आहे. शेजाऱ्याचा हेवा अजून गेलेला नाही. पण रस्त्याने कुणी बाई गेली, की तिची साडी मी निरखून बघतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी न चुकता, न बोलता काम करत असेल. योगायोगाची वाट न बघता त्याची विचारपूस करा.