दुपट्ट्याखालचा हात

मित्रांनो, मी एक जुना दुपट्टा आहे. आमच्या वऱ्हाडात पुरुषमाणसे खांद्यावर टाकतात, उन्हात डोक्याला गुंडाळतात, तो सुती कपडा म्हणजे मी. पांढरा, लाल किनारीचा. आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने संशयी आहे. तुम्ही माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकाल की मध्येच उठून खेळायला पळाल, याचीही मला शंका आहे. पण त्यात माझा काय दोष? ज्याच्या पोटाखाली आयुष्यभर लपवाछपवी चालली, त्याचा स्वभाव दुसरा कसा होणार?

माझा कापूस फुलसावंगीच्या काळ्या रानात पिकला. दिग्रसच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली, पुढे सूत झाले आणि एका कोष्ट्याच्या मागावर मी विणला गेलो. मग दिग्रसच्याच बाजारात एका दुकानात घडी होऊन पडलो. तिथे सरदारभाई आले. ते बैलबाजारातले दलाल. त्यांनी मला उन्हात धरून पाहिले, चिमटीत चोळले, वास घेतला, आणि बोटाला थुंकी लावून किनारीचा रंग जातो का तेही पाहिले.

"दुकानदार म्हणते रंग पक्का हाय," ते शेजारच्याला म्हणाले. "म्हणजे कच्चाच असंन."

तरीही त्यांनी मला घेतले. माणूस असा होता.

बैलबाजारात माझे काम फार महत्त्वाचे होते. तुम्हाला वाटेल, घाम पुसायचे. तेही होतेच. पण खरे काम निराळे. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपला हात पुढे करतो, समोरचा त्यात आपला हात देतो, आणि दोन्ही हातांवर दुपट्टा टाकतात. मग बोटे बोलतात. कोणते बोट धरले, किती धरली, दाबले की सोडले, त्यावरून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. कळते ते फक्त मला. वर चेहरे हसत असतात आणि खाली बोटे भांडत असतात, हे मी रोज पाहिले. मग सांगा, मी कोणाच्या हसण्यावर विश्वास ठेवू?

सरदारभाईही कोणावर ठेवत नसत. बैलाचे दात बघून वय ओळखायचे आणि मालकाचे डोळे बघून बैलाचा आजार. घरी त्यांच्या पत्नी आयशाबी म्हणत, "तुमी तं पाण्याले बी इचारता, का बाप्पा, तू ओला हायस का म्हणून."

अशा या माणसाचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता. तो म्हणजे आमच्या दिग्रसच्या कॉलेजचा फुटबॉल संघ.

हे कसे झाले ते सांगतो. कॉलेजचे मैदान बैलबाजाराला लागूनच आहे. एकदा ऐन सौद्याच्या वेळी चेंडू उडून बाजारात आला आणि एक बैलजोडी दावे तोडून पळाली. सरदारभाई चेंडू काखेत मारून पोरांना शिव्या घालायला मैदानावर गेले, आणि संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी सगळा सामना पाहिला. आमचा संघ हरला. पुढच्या वेळीही हरला. त्याच्या पुढच्याही वेळी हरला. सरदारभाई मात्र गोलाच्या मागे आपली जागा धरून बसले ते बसलेच.

रामलाल चहावाला त्यांना चिडवायचा. "सरदारभाई, एवढे शक्की तुमी, अन् या हारणाऱ्या पोट्ट्याइच्या मागं काहून लागले?"

सरदारभाईंनी दिलेले उत्तर मला आजही आठवते. "रामलाल, बजारात बैल दात लपवते, मालक बैलाचं लंगडेपण लपवते. हे पोट्टे हारतात तं भर उन्हात, सगळ्याइच्या समोर हारतात. यायच्यात लपवाछपवी नाही."

गोल झाला की मला काठीला बांधून गरगर फिरवायचे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. त्यामुळे मित्रांनो, मी फारसा फिरलो नाही. बहुतेक वेळ काठीला गुंडाळलेलाच असायचो. रामलाल म्हणायचा, हा झेंडा घडीवरच झिजणार. पण मध्यंतराला सरदारभाई मला सोडून गोलकीपरकडे द्यायचे, घाम पुसायला. तो मान माझा ठरलेला होता.

गोलकीपर होता रोशन. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. त्याची आई पंचफुलाबाई जिनिंगमध्ये कामाला होती, आणि हंगामात तिच्या केसांत रुईचे कण अडकलेले असायचे. रोशन दर सामन्याआधी सरदारभाईंना म्हणायचा, "चाचा, आज जिंकू." अख्ख्या दिग्रसमध्ये सरदारभाईंनी ज्यावर शंका घेतली नाही, असे एवढे एकच वाक्य होते.

मग ती कापसाची वाईट वर्षे आली. भाव पडला. बियाण्याच्या पिशवीवर शंका, वजनकाट्यावर शंका, ढगांवर शंका. बाजारात बैल विकायला रांगा लागत आणि घ्यायला कोणी फिरकत नसे. माझ्याखाली येणारे हात थंड पडलेले असायचे. संघातली पोरेही एकेक करून कामासाठी पुण्याला नाहीतर सुरतेला गेली. कसेबसे अकरा उरले. दुसरा गोलकीपर नव्हताच.

त्या साली कॉलेजांच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत यवतमाळच्या एका कॉलेजचा तगडा संघ आमच्या मैदानावर आला. त्यांच्याबरोबर त्यांचे प्रशिक्षक होते, हिरासिंग. तांड्यावर वाढलेला माणूस. त्यांचे वडील गुरांची हाडे बसवण्यात नावाजलेले होते.

आणि मित्रांनो, मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. रोशनने सगळे अडवले. एकदा तर चेंडूबरोबर तो स्वतःही खांबावर आदळला. लोक उठून उभे राहिले. सरदारभाईंचा श्वास मला जाणवत होता. मग त्यांनी मला काठीवरून सोडून रोशनकडे दिले.

रोशन मला घेऊन मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीमागे गेला. एकटाच. का बरे एकटा, अशी शंका मला तेव्हाच आली. तेवढ्यात समोरून हिरासिंग आले. दोघे जवळ बसले. रोशनने उजवा हात पुढे केला, हिरासिंगांनी तो हातात घेतला, आणि वर मला ओढून घेतले.

माझ्या तर अंगावर काटा आला. दोन हात आणि वर दुपट्टा, याचा अर्थ मला दुसरा कोणता ठाऊक असणार? हिरासिंगांनी रोशनचे मधले बोट धरले. मी म्हटले, झाला भाव सुरू. एवढ्यात कट्‌ असा आवाज आला आणि रोशनने माझी कड दातांत धरली. बोट सांध्यातून निखळले होते, ते त्यांनी जागेवर बसवले. निखळले होते खांबावर आदळला तेव्हाच, आणि हाडे बसवणाऱ्याच्या मुलाने ते लांबूनच ओळखले होते.

"आता खेळू नोको," हिरासिंग हळूच म्हणाले.

"आमच्याकडं दुसरा गोलकीपर नाही, सर. आमच्या सरायले कळलं तं ते मले बाहेर बसोतीन."

हिरासिंगांनी माझी किनार बोटभर फाडली आणि त्या पट्टीने दुखरे बोट शेजारच्या बोटाला घट्ट बांधले. "मी हे केलं, कोणाले सांगजो नोको. माही नोकरी अजून कच्ची हाय," एवढे बोलून ते उठून गेले. मला फाटल्याचे दुःख झाले नाही. माझ्याखाली पहिल्यांदाच असे काही झाले होते, ज्यात कोणी कोणाला फसवत नव्हते.

पण टाकीच्या पलीकडे सरदारभाई पाणी प्यायला आले होते. त्यांना बोट दिसले नाही, पट्टी दिसली नाही. दिसले ते एवढेच, की आपला गोलकीपर, त्यांचा प्रशिक्षक, आणि दोघांच्या हातांवर दुपट्टा. बैलबाजारात आयुष्य काढलेल्या माणसाने त्यातून काय समजावे?

सामना संपत आला असताना एक साधा चेंडू रोशनच्या हाताखालून निसटला. आम्ही हरलो. सरदारभाई नेहमीसारखे हळहळले नाहीत. काठी मोडून फेकली आणि रामलालला म्हणाले, "हा गोल नाही झाला. सौदा झाला. म्या माह्या डोयानं पाह्यलं. माह्याच दुपट्ट्याखाली."

दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट गावभर झाली. वर्षेच अशी होती की लोकांना खोटेपणावर चटकन विश्वास बसायचा. चहाच्या टपरीवर रोशन आला की पोरे हातावर रुमाल टाकून एकमेकांची बोटे धरायची आणि हसायची. कोणी त्याला विचारले नाही की बाबा, झाले काय. तोही बोलला नाही. हात खिशात घालून फिरायचा. पुढे मैदानावर यायचाही बंद झाला.

मला धुताना आयशाबींच्या लक्षात आले. "किनार कुठं गेली याची?"

"खुणेसाठी फाडली असंन," सरदारभाई म्हणाले. "सौदा पक्का झाला का खूण देतात."

"तुमीच म्हणत होते ना, पोरगा इमानदार हाय?"

"इमान बी येते कधी बजारात," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि मी दोरीवर वाळत होतो, सगळे माहीत असून मुका. कपड्याच्या जन्माचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

पुढचा बाजार भरला. सरदारभाई एका बैलाचे दात पाहत होते. तेवढ्यात गर्दीतून पंचफुलाबाई आली. मागे रोशन, मान खाली घातलेला. बाजारात बायका सहसा येत नाहीत, त्यामुळे सगळे बघू लागले.

"सरदारभाई," ती म्हणाली, "माह्या पोरानं सौदा केला म्हणता ना तुमी?"

"म्या पाह्यलं, बाई."

"तुमी दुपट्टा पाह्यला. हात कुठं पाह्यला?" तिचा आवाज चढला नाही. "बोटं खोटं बोलत नाही म्हणता ना? मंग धरा त्याचा हात. उघड्यावर दाखवाचं नाही म्हणून त्यानं मले शपथ घातली हाय. म्हणून वर दुपट्टा टाका."

सरदारभाई घुटमळले. पण सगळा बाजार बघत होता, आणि समोर आलेला हात नाकारणे हे दलालाला शोभत नाही. त्यांनी हात पुढे केला. रोशनने आपला हात दिला. मी वर पडलो.

त्यांची बोटे सवयीने चालू लागली. अंगठा. पहिले बोट. मग ती थांबली. रोशनचे मधले बोट सुजून टम्म झाले होते आणि सांध्यात वाकडे होते. त्यावर पट्टी होती, मळून कडक झालेली. सरदारभाईंनी ती चिमटीत चोळली, मला विकत घेताना चोळले होते तशीच. कापड त्यांनी ओळखले. ओळखणारच. त्यांची बोटे आयुष्यात कधी चुकली नव्हती, डोळे चुकले होते.

"कवा झालं?" त्यांनी ओठ न हलवता विचारले.

"मध्यंतराच्या आंधी, चाचा. खांब लागला," रोशनही तसाच पुटपुटला.

"अन् त्या यवतमाळवाल्यानं..."

"नाव नोका घेऊ, चाचा. त्याचेच लोक त्याले धरतीन, का तू दुसऱ्याचा गोलकीपर काहून नीट केला म्हणून. म्या शब्द देला हाय."

माझ्याखाली सरदारभाईंनी ती पट्टी पुन्हा एकदा चाचपली. आता मला मित्रांनो पुन्हा शंका आली. हा माणूस काय करेल? खरे सांगावे तर हिरासिंग अडकणार. न सांगताच पोराला खरे ठरवावे तर आपला शब्द सगळ्यांसमोर खोटा पडणार, तोही पुराव्याशिवाय. आणि दलालाकडे शब्दाखेरीज असते काय?

"काय निघालं, सरदारभाई?" रामलालने विचारले.

आमच्या बाजारात एक जुनी रीत आहे. दलालाचा शब्द खोटा ठरला, तर त्याने दुपट्टा उतरवायचा आणि त्या दिवशी धंदा करायचा नाही. सरदारभाईंवर ती वेळ कधीच आली नव्हती. त्यांनी मला दोन्ही हातांवरून काढले नाही. तसेच रोशनच्या हाताभोवती गुंडाळले, बोट कोणाला दिसणार नाही असे, आणि आपला हात सोडवून घेतला.

"माहा शब्द खोटा होता. पोरगा खरा हाय."

"पन निघालं काय?"

"दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखालीच रायते, रामलाल. आज माहा बजार बंद."

आणि ते भर उन्हात उघड्या खांद्याने घरी निघाले. बैलवाल्यांनी त्यांना वाट करून दिली. पंचफुलाबाईने पदराने डोळे पुसले. रोशन मात्र तसाच उभा होता, मला छातीशी धरून.

सगळ्यांनी विश्वास ठेवला असे मी म्हणणार नाही. काही जण अजूनही कुजबुजतात. पण ज्या माणसाने बैलावरही कधी विश्वास ठेवला नाही, त्याने पुरावा न दाखवता एवढे सांगितले, म्हणून बहुतेकांची तोंडे बंद झाली. रोशन पुन्हा गोलात उभा राहिला. बोट वाकडे ते वाकडेच. पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून हरलो, आणि सरदारभाई गोलामागे आपल्या जागेवर होते. त्यांनी नवा दुपट्टा घेतला आहे, अर्थात थुंकी लावून पाहूनच. मी मात्र आता रोशनचा. सामना असला की तो मला खांबाला बांधतो, आणि गोल झाला की सरदारभाई धावत येऊन मला सोडतात व फिरवतात. गेल्या मोसमात मी एकदा फिरलो.

मित्रांनो, मी विरलो आहे. मला धुताना दगडावर आपटू नका, खुंटीला अडकवून फाडू नका, एवढी माझी विनंती आहे. आणि दुसरी एक. शंका आली तर जरूर घ्या, मीही घेतो. पण लांबून नुसता दुपट्टा पाहून कोणाचा निकाल लावू नका. आधी जवळ जा आणि हात हातात घ्या.

माझी गोष्ट खरी की खोटी, असे तुमच्या मनात आलेच असेल. या दिग्रसला, सामन्याच्या दिवशी. खांबावर मी असेन. माझी किनार चाचपून पहा, एका कोपऱ्यावर ती बोटभर फाटलेली आहे.