जनूच्या आमिषाचा वास

माझ्या गळाला एकदा एवढी मोठी घोळ मासळी लागली होती की तिने आमची होडी ओढत थेट करंजा बंदरात आणून लावली. डिझेल वाचलं. तेव्हा जनूला माझ्यापेक्षा जास्त मासे मिळतात, हे मी सरळ मानणार नव्हतो.

जनू आणि मी दोघेही शिरगावचे, अंबरनाथच्या एकाच कंपनीतून रिटायर झालेले. रविवारी किसनच्या होडीतून खोल पाण्यात जायचं आणि तळाला गळ सोडून बसायचं. आता किसनचा जावई येणार म्हणून आमच्यातल्या एकालाच जागा उरली. येत्या रविवारी ज्याचे मासे जास्त, त्याची जागा, असं किसनने ठरवून टाकलं.

संशय मला आधीपासूनच होता. आमिष दोघांचं एकच, जनी कोळणीच्या पाटीतली ताजी तारली. तेलकट मासा, वास लांब जातो, तळाचे मासे हुंगत येतात. मग माझा गळ रिकामा आणि जनूच्या गळाला शिंगाळा, हे कसं? नक्की काहीतरी चोळत होता लेकाचा.

गुरुवारी तो उल्हासनगरला निघाला. मी मागच्या रिक्षात. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत तो दोऱ्याच्या दुकानात शिरला आणि केसाएवढ्या बारीक इलॅस्टिकचं रीळ घेऊन बाहेर आला. माशांना काय चड्डी शिवायची होती? दोरा नुसता दाखवायला. शेजारी हिंगाचं दुकान होतं आणि तिथल्या सिंधी शेठशी जनू दोन मिनिटं हसून बोलला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तो वळल्यावर मी आत जाऊन सगळ्यात जहाल हिंग मागितला. शेठने विचारलं, किती माणसांचं जेवण आहे. म्हटलं, मोजता येणार नाही, दर्यातली आहेत.

रविवारी मी तारलीला असा हिंग चोळला की किसन तोंडाला रुमाल बांधून बसला. जनू मात्र गळाला तुकडा लावून त्याच्यावर तो दोरा गुंडाळत होता. दहा-बारा वेढे, माझ्यादेखत.

"तारली मऊ असते रं बारक्या," तो म्हणाला. "तळाला बारके मासे टोचून टोचून नेतात. मोठा येईस्तोवर गळावर काय उरतच नाय. घे, गुंडाळ."

ज्याची स्वतःची जागा पणाला लागली आहे, तो आपली युक्ती अशी उघड सांगेल? तुम्हीच बोला.

"तुझा दोरा तुलाच राहू दे," मी म्हटलं.

दुपारपर्यंत माझा गळ अकरा वेळा वर आला, अकराही वेळा घासल्यासारखा स्वच्छ. जनूचे चार शिंगाळे आणि एक हेकरू. त्याने रीळ पुन्हा माझ्याकडे सरकवलं. मी हळूच त्याच्या बोटांचा वास घेतला. नुसती तारली. एवढ्या सफाईने लपवतो म्हटल्यावर माझा संशय पक्काच झाला.

बंदराला लागताना किसन म्हणाला, "बारकूदादा, पुढल्या रविवारी जनूदादाच येतील."

मी लगेच कंबर धरली. डॉक्टरांनी दर्या बंदच केलाय, जागा मी आपण होऊन सोडणार होतो, असं सांगून टाकलं.  जनूने हेकरू उचलून माझ्या पिशवीत घातला.

एवढा मासा फुकट कोण देतं? घरी आल्यावर मी त्याचं पोट चिरून, कल्ले उलटे करून, बॅटरी लावून तपासलं. माझी बायको पुतळी तवा तापवून कधीची उभी होती.

"तळू," तिने विचारलं, "की आधी जबाब घेताय त्याचा?"