बारा मिनिटांचा मंत्र

कॉलेजच्या पंपखोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची चाळीस मुलं आणि खुद्द प्राचार्य हात जोडून उभे होते. समोर स्पर्शमहाराज बंद पडलेल्या मोटरवर तळवा ठेवून पुटपुटत होते.

“यंत्रालाही नाडी असते, बाळांनो! रुसलंय ते. माझ्या लहरी त्याच्या लहरींत मिसळेपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही. कोप होईल!”

मंत्र संपला. महाराजांनी फुंकर मारून बटण दाबलं आणि मोटर घरघरत सुरू झाली. एकच जयजयकार उठला. कुणीतरी भक्तिभावानं मोटरवर शेला पांघरला. हा तिसरा.

मागे उभ्या असलेल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच मुलांना त्या वर्षभर दर सोमवारी अडचण सोडवायची पद्धत शिकवत होत्या. आधी नीट बघा, केव्हा बिघडतं ते लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला. मुलांनी पायऱ्या पाठ करून परीक्षेत झकास गुणही मिळवले होते. आणि मोटरशेजारची नोंदवही? कोरी करकरीत! पालथ्या घड्यावर पाणी.

“बाई, तुमचा सोमवारचा तास आता महाराजांना देऊ म्हणतो,” प्राचार्य म्हणाले. “त्यांचा गुण लगेच दिसतो हो.”

“एक सोमवार द्या. नाही पटलं तर तास तुमचा.”

सोमवारी बाईंनी वर्ग पंपखोलीतच भरवला. प्राचार्यही आले. वीस मिनिटांत मोटर बंद पडली. पुढेच बसलेल्या एका मुलीनं लगेच उठून मोबाइल काढला.

“महाराजांना बोलावते!”

“खाली बस. महाराजांच्या मंत्राचा व्हिडिओ आहे ना तुझ्याकडे? किती वेळाचा आहे?”

“बारा मिनिटांचा.”

“मग बारा मिनिटं गप्प बसायचं. मंत्र नाही, स्पर्श नाही.”

बारा मिनिटांनी बाईंनी बटण दाबलं. मोटर सुरू! मुलं एकमेकांची तोंडं बघू लागली. बाईंनी तिन्ही शेले ओढून काढले. त्यांच्याखाली मोटरच्या पंख्याची जाळी होती. मोटर तासभर थांबली नाही. शेले परत घातले, वीस मिनिटांत ठप्प.

“तुमच्या शेल्यांनी हवा कोंडते. मोटर तापली की आतला सुरक्षा स्विच वीज तोडतो, निवली की जोडतो. जाळीत थोडी धूळ साचते, म्हणून आधी ती कधीमधीच बंद पडायची. तुम्ही पांघरूण घालून तिला रोज आजारी पाडलीत!”

प्राचार्य खाकरले. “तास... तुमचाच राहू द्या.”

बाईंना जरा बरं वाटलं, तोच ती मुलगी उठली. “पण बाई, बरोब्बर बारा मिनिटं महाराजांना कशी कळली? काहीतरी शक्ती असल्याशिवाय?”

बाईंनी कपाळावर हात मारला.

“अगं, त्यांनी मोजली! मोटर किती वेळात निवते ते घड्याळ लावून बघितलं आणि तेवढाच मंत्र रचला. बघणं, मोजणं, पडताळणं. माझी पद्धत या कॉलेजात एकट्या त्या भोंदूनं वापरली! आणि तुम्ही चाळीस जण, उद्याचे इंजिनिअर, हात जोडून उभे राहिलात. तुमच्याकडे घड्याळ नव्हतं का रे? हात जोडायच्या आधी एकदा तरी मोजून बघा. एवढंच मागते.”

मग मुलीनं नोंदवही उघडली आणि आजची तारीख लिहिली.